पासिंगआधीची धुलाई

माझी जीभ तिखट, हे साक्रीतले सगळे ड्रायव्हर जाणतात. तरी गाड्या माझ्याच गॅरेजात आणतात. जीवराम बोलतो फार, पण काम अर्धवट सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सुकलालची पेट्रोल व्हॅन डोंगराकडच्या चार पाड्यांवरून अकरा मुलींना शाळेत आणते. तिची आज अकरा वाजता धुळ्याला तपासणी होती. धूर जास्त निघाला की गाडी नापास, आणि सोमवारपासून मुली घरी. पाड्यावर घरी बसलेली मुलगी सहसा परत वर्गात दिसत नाही. त्या अकरांत सुकलालची लेक शीतलही आहे.

काल मी स्कॅनर लावला. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर गेला होता. नवा बसवला, इंजिनाचा दिवा विझला. मग आमच्या रिवाजाप्रमाणे बोनट उघडून इंजिन प्रेशरच्या पाण्याने लख्ख धुतलं. वीस वर्षं मी पासिंगची प्रत्येक गाडी पोळ्याच्या बैलासारखी धुवूनच पाठवतो.

आज सकाळी आठला सुकलाल परत दारात. दिवा पेटलेला, धूर काळा. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पुन्हा त्याच सेन्सरचा.

माझं डोकंच फिरलं. चहा पीत उभ्या असलेल्या चार-पाच ड्रायव्हरांसमोर मी त्याला फैलावर घेतलं. "रात्री काय उचापती केल्यास? गाडी समजत नाही तर हात कशाला लावतोस?"

"नही भाऊ, मी बोनट उघाडं बी नही," तो खाली बघत म्हणाला.

मी सेन्सरच्या वायरीची जोडणी उपसली. आतून पाणी ठिबकलं. कालच्या धुलाईचं, माझंच. जुन्या डिझेल जीपांना असल्या नाजूक जोडण्या नव्हत्या. गाड्या बदलल्या, माझा हात बदलला नाही. मला लाज वाटली. हवा मारून जोडणी सुकवली, कोड पुसला आणि "पळ आता" एवढंच म्हणालो.

साडेअकरापर्यंत एकाही कामात लक्ष लागेना. वाटेत दिवा लागला तर? मग फोन वाजला.

"पास व्हयनी भाऊ!"

सकाळचे तेच ड्रायव्हर आता बाहेरच्या बाकावर बसले होते. मी फोन स्पीकरवर टाकला. "सुकलाल, ऐक. चूक तुझी नव्हती. पाणी मीच घातलं होतं. उगाच बोललो तुला."

पलीकडून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"माले ठाऊक शे भाऊ. पानी मी बी देखं. पन इतला लोक उभा व्हतात, तुमले कसं सांगू?"

बाकावर कोणी हसलं नाही. मी प्रेशरच्या पाण्याची नळी गुंडाळून बाजूला ठेवली.