गोलकीपरला काम हवं

माझे दोन्ही जावई एकाच फुटबॉल क्लबात आहेत. थोरले बचावफळीचे प्रशिक्षक, धाकटे गोलकीपरचे. मला खेळातलं फारसं कळत नाही. पण यंदा संघ जिंकत होता आणि त्यामुळेच धाकट्यांची नोकरी जायची वेळ आली होती, एवढं समजलं.

क्लबाने प्रशिक्षकांचं मूल्यमापन सुरू केलं होतं. गोलकीपर जितके गोल अडवेल, तितके त्याच्या प्रशिक्षकाला गुण. थोरल्यांनी बचाव असा भक्कम केला, की समोरचे खेळाडू आमच्या बाजूला फिरकेनातच. गोलकीपर खांबाला टेकून उभा आणि धाकटे नापास.

रविवारी जेवताना धाकटे म्हणाले, "दादा, दोन-चार चेंडू सोडा की माझ्याकडे. घरचाच माणूस आहे मी."

"आणि माझे गुण?"

"तुमच्या पोरांनी चेंडू किती हिसकावले, ते मोजतात. कोणी आलंच नाही, तर हिसकावणार कोणाकडून?"

थोरल्यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे मीही काठावरच?"

"मग येऊ द्या ना त्यांना आत," मोठी मुलगी म्हणाली. "पाहुणे आल्याशिवाय पाहुणचार कसा दिसायचा?"

उरलेल्या सामन्यांत पाहुणे आले. बचावपटूंनी जिवाचं रान केलं, गोलकीपरने झेपा घेऊन अंग सोलून घेतलं. संघ ओळीने हरला.

दोघांनाही 'उत्कृष्ट' असा शेरा मिळाला. मुख्य प्रशिक्षकाला मात्र क्लबाने घरी पाठवलं. इतके गुणी सहकारी हाताशी असून हरतो, म्हणजे काय?