समासातलं उत्तर

एकटेपणा मोजायची प्रश्नावली मी बनवली, हे मी दोन वर्षं मिरवत होते. चाळीस प्रश्न गाळून गाळून बारा उरवले होते. प्रत्येकापुढे चार चौकोन: कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. पहिली चाचणी एका वृद्धाश्रमात झाली. माझी आईही तिथेच राहत होती.

तिला तिथे ठेवायचं मीच ठरवलं होतं. धाकटा भाऊ म्हणत होता, "ताई, माझ्याकडे राहू दे." मी म्हटलं, तुझ्या दोन खोल्यांत तिचा जीव गुदमरेल. खरं कारण वेगळं होतं. लहान घरातल्या भावाने आईला नेलं असतं, तर मोठ्या घरातल्या मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

फॉर्मवर नावं नसतात, नंबर असतात. एकतीस नंबर कुणाचा, हे मी चोरून पाहिलं. संगणकावरच्या तक्त्यात तिच्या बाराच्या बारा खुणा 'कधीच नाही'वर. लगेच भावाला फोन लावला. "मोजून सांगते, आई मजेत आहे." आकड्यांपुढे बिचारा काय बोलणार?

मग पडताळणी सुरू झाली. आश्रमातल्या नर्सने उदास म्हणून ज्यांची नावं दिली, त्यांचेच एकटेपणाचे गुण सगळ्यात कमी. नर्सला काही कळत नाही, असं मी बोलून गेले. नाचता येईना, अंगण वाकडं! शेवटी मूळ फॉर्म काढून बसले.

प्रश्न विचारायला आम्ही एक निवृत्त शिक्षिका घेतली होती, सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. फक्त खूण करा, समासात काही लिहू नका, असं मी तिला तीनदा बजावलं होतं. तिने पानोपानी लाल पेन चालवलं होतं. 'एकटं नाही हो, करमत नाही.' 'माणसं पुष्कळ आहेत, पण करमत नाही.' चाळीस फॉर्मांपैकी सत्तावीसांवर तोच शब्द. आठ जणींच्या पंगतीत जेवणारी बाई स्वतःला एकटी कशाला म्हणेल? मी 'एकटेपणा' हा इस्त्रीचा शब्द निवडला होता. करमत नाही म्हणून मी स्वतः लहानपणी मामाकडून रडत परत आले होते, आणि तो शब्द माझ्या चाळीस प्रश्नांत एकदाही आला नव्हता.

एकतीस नंबरच्या समासात लिहिलं होतं: 'करमत नाही. पण हे लिहू नका बाई. कागद माझी मुलगी वाचते.'

मास्तरीणबाईंना फोन केला, तर त्याच वरचढ. "तुम्ही नको म्हणालात, त्याही नको म्हणाल्या. म्हणून तर लिहिलं!"

दर रविवारी आम्ही भेटायचो ते खालच्या हॉलमध्ये. त्या दिवशी मी पहिल्यांदा आईच्या खोलीत गेले. ती खिडकीशी बसली होती.

"आई, तुला इथे करमतं का?"

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. "कोण विचारतंय? कागदवाली बाई, की तू?"

"मी."

"मग करमतं की. छान करमतं."

मला रडू आवरेना. तिच्यासमोरच भावाला फोन लावला. "आईला करमत नाही. मी तुला खोटं सांगितलं. माझ्या अब्रूसाठी तिला इथे ठेवलं. तू ये, तिला घेऊन जा."

"अगं, हळू बोल," आई म्हणाली. "तो कामावर असेल."

सामान भरायला मी कपाट उघडलं. आत काहीच नव्हतं. पलंगाखाली तिची बॅग होती, कपड्यांच्या घड्या घालून नीट भरलेली. सात महिने ती त्यातूनच कपडे काढत होती आणि धुऊन पुन्हा त्यातच ठेवत होती.

"कपाट का नाही वापरलंस?"

"म्हटलं, तू कधी न्यायला आलीस, तर तुझा खोळंबा नको."