मधोमधची केबिन

लग्न ठरताना तिने नवऱ्याला विचारले नव्हते एवढे प्रश्न तिने केबिन ठरवताना बुकिंगवाल्या मुलीला विचारले. कितवा मजला? पुढे की मागे? डोक्यावर काय आहे, पायाखाली काय आहे? ती मुलगी पडद्यावर जहाजाचा नकाशा फिरवून फिरवून थकली. शेवटी म्हणाली, "मॅडम, वर बाल्कनीची एक शिल्लक आहे. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलतीत बाल्कनी कधी मिळत नाही. लोक डोळे मिटून घेतात."

"आणि मग डोळे पांढरे करून ओकत बसतात," ती म्हणाली. "मला सगळ्यात खालची दाखवा. मधोमधची. आणि खिडकी हवी."

तिचा अभ्यास पक्का होता. बागेतल्या सी-सॉच्या टोकाला बसलेलं पोर आभाळात जातं आणि जमिनीवर आपटतं, पण मध्ये उभं राहिलेलं जागच्या जागी असतं. जहाजाचंही तेच. जेवढं मध्ये आणि जेवढं खाली, तेवढं कमी हलतं. खिडकी यासाठी, की पाणी आणि आभाळ जिथे मिळतात ती रेघ डोळ्यांना दिसत राहिली की डोकं ठिकाणावर राहतं. नवऱ्यानेही फोनवर हेच सांगितलं होतं. "मधोमध घे. जहाजावर आहेस असं वाटणारसुद्धा नाही तुला."

नवरा त्याच जहाजावर वायरमन होता. सहा वर्षं तो वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर काढत होता. या फेरीनंतर त्याचा करार संपत होता, आणि तिच्या दादाने त्याच्यासाठी लिफ्टच्या कंपनीत एक जागा धरून ठेवली होती. आठवडाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. फोनवर विचारलं की तो म्हणायचा, "बघू." त्याच्या त्या 'बघू'ला ना शेंडा ना बुडखा.

"फोनवर पुरुषमाणूस 'बघू'च म्हणतो," सासूबाई म्हणाल्या. "समोर जाऊन बस. लेक त्याच्या मांडीवर ठेव आणि मग विचार. आणि कान धरून घरी घेऊन ये. माझा मुलगा आहे म्हणून सांगते, त्याच्या पायाला भिंगरी आहे."

भिंगरी तर तिनेही पाहिली होती. सुट्टीवर आला की हा माणूस घरात टिकायचाच नाही. चहा निम्मा टाकून स्कूटर काढायचा आणि दोन-दोन तास गायब. परत आला की पलंगाच्या कडेला बसून भिंतीला तळहात लावायचा, जणू भिंतच पडणार आहे. कुठे गेला होतास? असाच. कोणाकडे? कोणाकडे नाही. तिने त्याचे शर्ट हुंगून पाहिले होते. शिकलेल्या बाईने असं करावं याची तिला लाज वाटायची, तरी हुंगायचीच. वास यायचा तो फक्त पेट्रोलचा.

तर असं सगळं पोटात ठेवून ती तीन वर्षांच्या टिकलीला घेऊन जहाजावर चढली. बॅगेत मळमळीवर डॉक्टरांना विचारून आणलेल्या गोळ्या होत्या, पोरीचं वेगळं औषध, आल्याच्या वड्या, कोरडी बिस्किटं, हिरवी सफरचंदं आणि मनगटाला बांधायचे पट्टे होते. एवढ्या तयारीने लोक युद्धावरही जात नसतील.

पहिला दिवस दृष्ट लागावी असा गेला. समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा होता. काम संपवून नवरा कामाच्या निळ्या डांगरीतच आला, टिकलीला खांद्यावर घेऊन गल्लीभर धावला, आणि हसला. तो हसला की त्याच्या गालाला एक उभी घडी पडते हे ती विसरूनच गेली होती. घरी ती घडी शेवटची कधी पाहिली ते तिला आठवेना. जेवणं झाल्यावर तिने लेक त्याच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं.

"बघू," तो म्हणाला, आणि टिकलीच्या फ्रॉकचं बटण नीट लावायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र खवळला. गोळी वेळेवर घेतली होती, पट्टे बांधले होते, पोटात फक्त दोन बिस्किटं होती. ती खिडकीशी बसून आभाळाची रेघ धरून होती. मग ती रेघच खिडकीतून वर निघून गेली. खाली आली. परत गेली. सगळा अभ्यास पाण्यात गेला. ही जर मधोमधची केबिन, तर टोकाच्या केबिनीत काय होत असेल, हा तिचा शेवटचा धड विचार. त्यानंतर ती न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडली आणि पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिली. टिकलीला मात्र काहीच नव्हतं. ती पलंगावर घसरगुंडी खेळत होती आणि "पुन्हा! पुन्हा!" म्हणून समुद्रालाच ओरडत होती.

दार वाजलं, टिकलीने उघडलं. नवऱ्याचा दोस्त, जहाजाचा आचारी, हातात भाजलेल्या पावाची ताटली घेऊन उभा होता. देह दाराएवढा आणि आवाज त्याहून मोठा.

"वहिनी, वायरमन वरती अडकलाय, दोन मजल्यांचे दिवे गेलेत. येईल पंधरा मिनिटांत. हे कोरडं खा, थोडं थोडं. लाजू नका, इथे सगळ्यांनी ओकून दाखवलंय. मी पहिल्या वर्षी सूपच्या पातेल्यात—जाऊ दे, तुम्हाला जेवायचंय अजून."

"यांनाही व्हायचं का हो असं?" तिने फरशीवरूनच विचारलं.

"त्याला?" आचारी हसला. "त्याचं सगळं उलटं! जहाज नाचायला लागलं की हा शीळ घालतो. आणि बंदराला लागलं की पांढराफटक. आम्ही उड्या मारत उतरतो फिरायला, हा वरच. आम्ही म्हणतो, याला जमीन लागते. अहो, जहाजाच्या नाकाकडची, अगदी पुढच्या टोकाची खोली, जिथे माणूस झोपेत छताला आपटतो, ती कोणालाच नको असते. यानं मागून घेतलीय." तो बोलता बोलता थांबला. तिचा चेहरा त्याने पाहिला असावा. "म्हणजे, सवय हो, वहिनी. एकेकाची सवय," असं पुटपुटत त्याने ताटली खाली ठेवली आणि दार ओढून घेतलं.

नवरा आला तेव्हा जहाज उभं-आडवं होत होतं, आणि तो त्यातून घरातल्या ओसरीवरून यावं तसा आला. कशालाही न धरता. तिच्याजवळ मांडी घालून बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं.

"तुझी खोली कुठे आहे?" तिने विचारलं.

"आहे, पुढे."

"टोकाला?"

त्याने फडक्याची घडी बदलली.

"मला मधोमध घे म्हणालास आणि स्वतः टोकाला झोपतोस?"

"मला मधोमध झोप येत नाही गं."

"आणि घरी?"

त्याने फडकं पिळलं. पुन्हा पिळलं, त्यात पाणी नव्हतं तरी. मग म्हणाला, "आत्ता तुला काय होतंय ते सांग."

"जमीन राहत नाहीये पायाखाली. डोकं कुठे ठेवू कळत नाही. मरावंसं वाटतंय."

"घरी तसं."

"घर कुठे हलतं?"

"तेच तर. घर हलत नाही. मी हलतो."

"किती वेळ?"

"सुट्टी संपेपर्यंत."

"आणि स्कूटर..."

"चालवताना थांबतं. उतरलो की पुन्हा सुरू."

तिला ते शर्ट आठवले. हसू येईल असं वाटलं, पण आली ती उलटी. त्याने तिचे केस मागे धरून ठेवले.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"तीन झाले. एक म्हणाला कान, एक म्हणाला मन. तिसरा म्हणाला, समुद्र सोडा, जाईल हळूहळू. म्हणून तर दोन वर्षांपूर्वी लांबची सुट्टी घेतली. पाच महिने. नाही गेलं."

ते पाच महिने! त्या पाच महिन्यांना ती मनातल्या मनात आपला खरा संसार म्हणायची. तो घरी होता, पंखे दुरुस्त करत होता, टिकलीला चालायला शिकवत होता. एक हात लेकीला आणि एक हात भिंतीला. लेक पडू नये म्हणून हा भिंत धरतो, असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

"मला सांगायचंस ना."

"काय सांगू? तुझ्या घरात आलो की मला मळमळतं, असं? तू काय समजली असतीस?"

ती जे समजली होती तेच पुरे होतं.

फडकं बाजूला ठेवून तो म्हणाला, "येतो मी. तू म्हणशील तर येतो. दादाला हो कळव. लिफ्टचं काम आहे, निदान वर-खाली तरी होईल."

विनोद होता. दोघंही हसली नाहीत. ज्या एका शब्दासाठी ती पोर घेऊन समुद्रावर आली होती तो शब्द तिच्या ओंजळीत पडला होता, आणि तो निखारा निघाला. हे फरशीवरचं मरण तिला एका दुपारीच नकोसं झालं होतं. ते त्याने रोज सकाळी उठून दात घासत, डबा घेत, लेकीला शाळेत सोडत काढायचं. का, तर तिला घर भरलेलं वाटावं म्हणून.

जहाज परतीच्या बंदराला लागलं तेव्हा पाणी पुन्हा गुळगुळीत झालं होतं. तो त्यांना सोडायला टिकलीला कडेवर घेऊन धक्क्यावर उतरला. सिमेंटवर दोन पावलं टाकली आणि त्याचा हात आपोआप लोखंडी खांबाकडे गेला. ओठांवरचा रंग उतरला. ते लपवायला तो हसला, पण गालावरची घडी काही पडली नाही. किती वर्षं हेच हसू ती दारात घेत आली होती, आणि प्रवासाचा थकवा म्हणत आली होती.

"बाबा, चल ना घरी," टिकली म्हणाली.

तो बायकोकडे पाहत राहिला. ती जे म्हणेल ते त्याने खरंच केलं असतं. तिने लेक आपल्याकडे घेतली.

"वर जा तू, करार वाढवून घे," ती म्हणाली. "कुठेतरी दिवे गेले असतील तुझे."

त्याच्या चेहऱ्यावर सुटका उमटली. ती लपवायला त्याला क्षणभर उशीर झाला, आणि तिने ती पाहिली. पाहण्याची खोड वाईटच.

घरी आल्यावर तिने दादाला फोन करून ती जागा दुसऱ्याला द्यायला सांगितली. दादा चिडला, "लाथाडतोय का तो आम्हाला?" म्हणाला. ती "तसंच समज" म्हणाली आणि फोन ठेवला. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"नाही आणलंस?"

"नाही."

"मग काय म्हणाला?"

"बघू म्हणाला."

"बघा! भिंगरी," सासूबाई म्हणाल्या, आणि नातीला जेवायला बसवायला आत गेल्या.

अंघोळीला गेल्यावर तिला कळलं. डोळे मिटले तशी पायाखालची फरशी हळूच उचलली गेली, आणि हळूच खाली आली. भिंतही जराशी पुढे येऊन मागे गेली. तिने तळहात भिंतीला लावला, तो लावायचा तसाच. पोटात ढवळलं, तरी हात काढला नाही. तिला वाटलं, हे जाऊ नये. हे राहिलं तर एवढं एक तरी दोघांचं मिळून असेल. तिने गोळी घेतली नाही, आलं तोंडात धरलं नाही. डोलणाऱ्या पलंगावर लेकीला कुशीत घेऊन ती तशीच पडून राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या शेजारी असल्यासारखी झोपली.

सकाळी उठली. घाईने उभी राहिली, डोळे मिटले, वाट पाहिली.

घर जागच्या जागी होतं.