चिठ्ठीतली चिमणी

मित्रांनो, मी एक जुनी चिमणी आहे. मातीची. पोटावर चुन्याचा पांढरा हात, डोळ्यांच्या जागी दोन काळे मिरे. मला उडता येत नाही. पण माझ्यापायी नागपुरातल्या एका शाळेत कशी धांदल उडाली, ते ऐका तर!

कोराडीचं वीजकेंद्र तेव्हा नवंनवं सुरू झालं होतं. सातवीतल्या तिघांनी प्रदर्शनासाठी त्याची प्रतिकृती करायची ठरवली. गटप्रमुख अरुंधतीनं कामाच्या चिठ्ठ्या लिहिल्या. कन्हानहून येणारी पंचफुला त्या दिवशी आली नव्हती. तिच्या चिठ्ठीत दोनच शब्द होते : 'चिमणी, मोठी.'

आठ दिवस खपून पंचफुलानं मला घडवलं. अंगठ्यानं चोच काढली, काडीनं पीस न् पीस कोरलं. "कशी गोजिरवाणी झाली वं तू!" म्हणत रुमालात गुंडाळून शाळेत आणलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी रुमाल सुटला आणि गटातला कवडू ओरडलाच, "हे काय आणलं वं? धुराची चिमणी पाह्यजे होती, कारखान्याची!"

"मले वाटलं, विजेच्या तारेवर बसवाची असन."

"कोंबडीएवढी? तारच तुटन ना! सारं कोराडी अंधारात जाईन!"

सगळा वर्ग खदखदला. पंचफुलानं मला उचललं. "मी नाही राहत तुमच्या गटात." मला काखेत मारून ती दाराकडे निघाली.

अरुंधती दारात आडवी झाली. "थांब वं. चूक माही आहे. चिठ्ठी देऊन मोकळी झाली मी. समजलं का, हे इचारलंच नाही." मग ती कवडूकडे वळली. "अन् तुहा बॉयलर मी बनवलेल्या पुठ्ठ्याच्या खोलीत काहून जात नाही?"

"तूनंच सांगतलं, दोन वीत."

"कोणाची वीत गा?"

कवडूनं आपला फावड्यासारखा पंजा पसरला. शेजारी अरुंधतीचा इवलासा. आता पंचफुलालाच हसू फुटलं!

तिघं जमिनीवर गोल बसले. ठरलं : माप फूटपट्टीनंच घ्यायचं, आणि कामाला हात लावण्याआधी आपल्याला काय समजलं ते प्रत्येकानं बोलून दाखवायचं. मग काय सांगू! पुठ्ठा गुंडाळ, खळ लाव, धर, सोड, अजून थोडं वर! दिवस मावळायच्या आत उंच चिमणी उभी राहिली, तोंडाशी कापसाचा धूर घेऊन.

दुसऱ्या दिवशी मला टेबलावर सगळ्यांच्या पुढं ठेवलं. "ही कशाला?" असं कुणी विचारलं, की पंचफुला आपली फजिती खणखणीत आवाजात सांगे. बक्षीस दुसऱ्याच गटाला मिळालं. गर्दी मात्र आमच्याकडे!

पुढं विज्ञान शिकवणाऱ्या शोभाताई दरवर्षी नव्या गटांच्या मधोमध मला ठेवत, आधी एकमेकांना विचारा याची आठवण म्हणून. किती कौतुकाचे हात फिरले माझ्यावरून! आता चोच उडाली आहे, कपाटात धूळ खात बसते. पुसलीत तर बरंच वाटेल. पण मित्रांनो, त्याआधी एवढं करा. तुमच्यातल्या कुणाचं चुकलं आणि तो मान खाली घालून उभा राहिला, तर हसणं आवरा; थोडं सरका आणि त्याला जागा करून द्या.