तक्क्याला फुटलेला हात

मी तक्क्या बोलतोय. हो, तोच, भिंतीला लावून ठेवतात आणि पाठ टेकतात तो. बोलायची आम्हाला सवय नाही. माणसं आमच्यावर रेलून बोलतात, आम्ही ऐकतो. पण एक गोष्ट माझ्या कापसात गाठ होऊन बसली आहे, ती सांगून टाकतो. सावकाश सांगेन हं, घाई करू नका.

एका गादीवाल्याने मला शिवलं. गुडघ्याखाली दाबून दाबून कापूस भरला आणि म्हणाला, "माणूस दबेल, हा दबायचा नाही." तसंच झालं. मला घरी नेलं तो माणूस ट्रक चालवायचा, कमरेने बेजार असायचा. वीस वर्षं माझ्यावर रेलला आणि एक दिवस गेला. मी आपला होतो तसाच. मग मला कोपऱ्यात उभं केलं आणि माझ्या डोक्यावर घड्या न केलेले कपडे पडू लागले.

त्याचा मुलगा दूर कामाला. घरात सासू आणि सून दोघीच. सून दवाखान्यात आया होती, फरशी पुसायची, पेशंटची भांडी उचलायची. ते करता करता ती नर्सिंग शिकली. लेखी परीक्षेत पास झाली, पण प्रात्यक्षिकात दोनदा आपटली. संधी तीनच. तिसरी हुकली की शिकलेलं सगळं पाण्यात आणि हातात जन्मभर तो फरशीचा बोळा.

"कॉलेजात रबरी पुतळा आहे, आई. घरी कशावर करू सराव?"

"हा आहे की रिकामटेकडा," म्हणत सासूने मला कोपऱ्यातून ओढलं. नवऱ्याच्या सदऱ्याची बाही कापली, चिंध्या भरल्या आणि माझ्या कुशीला शिवून टाकली. मला हात फुटला! बाहीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्याला चीर पाडून लाल शाई लावली. ती माझी जखम. स्वयंपाकघरातला चिमटा, एक ताटली, उकळलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या. झाला आमचा दवाखाना.

सून कामावरून आली की सासू घड्याळ घेऊन बसायची. पेशंटचा आवाजही तीच काढायची.

"अगं आई गं, हळू!"

"आजोबा, थोडं दुखेल हं," सून मला म्हणायची.

"तुझ्या सासऱ्यांपेक्षा हा बरा बाई. चहा तरी मागत नाही!"

दोघी हसायच्या. मीही आतल्या आत हसायचो.

हातमोज्यांचा जोड मात्र एकच होता. तिसऱ्या दिवशी त्याचं बोट फाटलं. सासू म्हणाली, "अगं, रोज रोज कशाला वाया घालवतेस? तोंडाने म्हण, 'हातमोजे घातले', आणि चल पुढे. घालायला काय शिकायचंय?" सुनेला पटलं. मग रोज तसंच. हात धुतले, हातमोजे घातले, पट्टी सोडली, जखम आतून बाहेर पुसली, कापूस टाकला. दीड महिन्यात तिचा हात इतका बसला, की घड्याळाची दोन मिनिटं उरायची.

परीक्षेच्या दिवशी दुपारी ती परत आली. पर्स खांद्यालाच ठेवून माझ्यावर टेकली.

"खोकं टेबलावरच होतं, आई. हातमोज्यांचं. अगदी हाताशी."

"मग?"

"मी मोठ्याने म्हणाले, हातमोजे घातले. आणि उघड्या हातांनी पट्टी सोडली."

"अगं, आणि परीक्षा घेणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत?"

"त्या लिहीत होत्या. मला कळलंच नाही हो. शेवटी कापूस टाकताना माझं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं."

सासू उभी होती ती खाली बसली. मग म्हणाली, "मी सांगितलं होतं तसं."

सून म्हणाली, "हात माझे होते, आई." रागाने नाही, थकून. आणि उठून पाणी प्यायली.

त्याला आता बरेच दिवस झाले. सून रोज बोळा घेऊन कामावर जाते. मी पुन्हा कोपऱ्यात आहे. माझा हात कुणी उसवला नाही; बहुतेक दोघींनाही त्याला स्पर्श करायचं धाडस होत नाही.

पण मला सलतं ते वेगळंच. या घरात उठता-बसता सल्ले द्यायची ती म्हातारी. दार असं लाव, पंखा बंद कर, वेणी घट्ट घाल. आता ती काहीच सांगत नाही. उलट भाजीत मीठ किती घालू, हेही सुनेला विचारते. चाळीस वर्षं चूल सांभाळलेली बाई! आणि सून म्हणते, "घाला तुम्हाला वाटेल तेवढं." मग दोघी गप्प जेवतात.

सूनबाई, माझं कुणी ऐकत नाही, ठाऊक आहे मला. तरी सांगतो. तुझी परीक्षा काही परत यायची नाही. पण एकदा तरी भांड गं तिच्याशी.