खोबरेल लावलेले ब्रेक

मी श्यामकांत पाटणकरांची सायकल बोलतेय, बालीगंजमधल्या एका जिन्याखालून. जरा लांबूनच ऐका, कारण माझ्या अंगाला खवट खोबरेलाचा वास येतो. मलाच तो सोसवत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा काळी कुळकुळीत होते मी. पाटणकरांची साताऱ्याहून कलकत्त्याच्या बँकेत बदली झाली आणि सामानाबरोबर मीही आले. त्यांची लेक लीना तेव्हा कडेवर होती.

"घाटात सायकल हाणलेला माणूस मी, हे सपाट रस्ते मला काय शिकवणार?" असं ते येईल त्याला ऐकवत. वळताना हात दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटे. माझा दिवा तर कधी पेटलाच नाही. स्वतःच्या जिवाची एवढी बेफिकिरी मी दुसऱ्या कुठल्या प्राण्यात पाहिली नाही.

माझे ब्रेक फार किंचाळत. रबरं झिजून लोखंड उघडं पडलं होतं, किंचाळतील नाही तर काय करतील? नवी रबरं बसवायची, एवढंच काम. पण पाटणकरांना लाज वाटे ती आवाजाची. बँकेसमोर उतरताना लोक वळून बघतात म्हणे!

एकाहत्तर सालच्या खंडेनवमीला त्यांनी मला पुसलं, हळदकुंकू वाहिलं, दिव्यावर झेंडूची माळ चढवली. आणि मग रबरांना नि चाकांच्या कडांना खोबरेल तेल चोळलं. आवाज बंद!

"बघ कालिंदी, कशी गरीब गाय झाली," ते बायकोला म्हणाले. कालिंदीबाईंनी मला ओवाळलं. मला अक्षरशः शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं द्यायला ते भवानीपूरला निघाले. मागे कॅरिअरवर लीना. गरियाहाटच्या चौकात विसर्जनाची गर्दी होती. एक हातरिक्षा आडवी आली. पाटणकरांनी ब्रेक दाबला, चाकं फिरतच राहिली. त्यांनी मला घाईनं वळवलं, तसं पुढचं चाक ट्रामच्या रुळाच्या खाचेत रुतलं आणि आम्ही तिघंही आपटलो. मागून येणारी ट्राम लीनापासून हातभर अंतरावर थांबली.

ट्रामचा ड्रायव्हर ओरडला, "मोशाय, ब्रेक नेई?"

"ब्रेक है! कल ही पूजा किया है!" पाटणकर म्हणाले.

लीनाचा कोपर मोडला. हाड वाकडं जुळलं, हात अजून सरळ होत नाही. आणि दोष कुणाचा? रुळांचा, गर्दीचा, कुणाच्या तरी नजरेचा! माझ्या हँडलला लिंबूमिरची बांधली गेली. ती तिथंच सडली आणि तिचं पाणी माझ्यावर गळत राहिलं. रबरं कुणी बदलली नाहीत. त्याच खोबरेलानं कालिंदीबाई वर्षभर लेकीचा कोपर चोळताहेत.

आज पुन्हा खंडेनवमी. पाटणकर तेलाची बाटली घेऊन माझ्यापुढे बसलेत. एवढ्यात लीना आली आणि वाकड्या हातानं तिनं माझा ब्रेक झाकला. बंगालीत भांडणारी ही पोर, मराठी तिचं बेताचंच.

"बाबा, सायकल ओरडू दे ना. मी कान बंद करीन."

तेल पाटणकरांच्या बोटांवरून ओघळतंय.

पुसा ते, श्यामकांतराव. मला फूल नको, ओवाळणी तर नकोच नको. या पोरीला पुन्हा माझ्यावर बसवायचं असेल, तर आधी रबरं बदला.