भुलीतलं बोलणं

हिल्मानं वाकडी धरलेल्या बाटलीच्या बुचाच्या खाचेशी थेंब आला, लोंबला, फुगला… आणि पडेचना. मग एकदम दोन पडले. सिग्नेनं डोळे मिटून घेतले. बाटलीत अजून सरावापुरतं नुसतं पाणी होतं, खाली घडी घातलेला टॉवेल होता आणि टॉवेलाखाली रिकामी बशी. पण थोड्या वेळानं तिथं तिचं स्वतःचं नाक असणार होतं आणि बाटलीत क्लोरोफॉर्म.

“माझा हात लाकूडतोड्यांना वाढून वाढून असा झालाय, डॉक्टरीणबाई,” हिल्मा म्हणाली. ती गिरणीच्या खाणावळीतली स्वयंपाकीण. “आम्ही रस्सा ओतणाऱ्या बायका. थेंबबिंब कुठून जमणार आम्हाला?”

“ओतलंस तर मी गेलेच म्हणून समज. थेंब टाकायचा. माझा श्वास बघायचा. मग पुढचा थेंब.”

“आणि तुम्ही बडबडायला लागलात म्हणजे?”

सिग्नेनं टॉवेलाची घडी पुन्हा नीट केली. “लक्ष देऊ नकोस,” ती म्हणाली.

सगळेच बडबडत. या गिरणीच्या गावात दुसरा डॉक्टर नव्हता, नर्सचं तर नावच नको. एलायस कापायचा आणि त्याची बायको म्हणून ती भूल द्यायची. झोप लागण्याआधी माणसाची जीभ सुटते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? राक्षसासारखा एक ओंडकेवाला आपल्या मेलेल्या बैलाची माफी मागत ढसाढसा रडला होता. पाद्रीबाबांनी तर अशा काही शिव्या हासडल्या होत्या की एलायसला सुरी खाली ठेवून हसून घ्यावं लागलं. पुढं हीच माणसं फळ्यांच्या रस्त्यावर भेटली की खालचा भुसा न्याहाळत जायची… तिनं कधी कुणाजवळ ब्र काढला नव्हता.

आणि आज माझी पाळी. मी काय बोलेन? — पण हा प्रश्नच खोटा होता. काय बोलणार ते तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तर सकाळपासून तोंडाला कोरड पडली होती. शहरातल्या इस्पितळात जावं, तिथं कुणी ओळखीचं नसतं, काय बोलायचं ते बोलावं — हेही मनात येऊन गेलं होतं. पण पोटातली गाठ रात्रीपासून पिळवटत होती आणि बोट शहराला लागेपर्यंत ती फुटली तर संपलंच.

बॉयलर फुटला त्या दिवशी एकाच गाडीतून दोघांना आणलं होतं — मुकादम ग्रॅडीला, आणि तिच्या भावाला, आस्लाकला. टेबल एकच. एलायसनं दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, “ग्रॅडी आधी.” ग्रॅडी कंपनीचा माणूस, एलायसचा पगार कंपनीचा, घर कंपनीचं, ही बाटलीसुद्धा… तिनं ग्रॅडीच्या नाकावर टॉवेल धरला, आणि दारापलीकडे स्वयंपाकघरातल्या बाकावरून आस्लाक आईच्या भाषेत हाका मारत होता — सिग्ने, थंडी वाजतेय गं — आणि तिचा हात थांबला नव्हता. थेंब, श्वास, थेंब. दार उघडलं तेव्हा हाका थांबलेल्या होत्या. ग्रॅडी आता उरलेल्या हातानं तिला टोपी काढून नमस्कार करतो.

“तू बरोबर केलंस,” ती त्या रात्री एलायसला म्हणाली होती. “ग्रॅडीचीच जखम मोठी होती.” होती का? असेलही. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि न विचारताही ते वाक्य ती अजून अधूनमधून म्हणत असे. पण गुंगीत ते वाक्य थोडंच येणार! तिथं येणार ते दुसरंच — तू माझ्या भावाला मरू दिलंस — आणि तेव्हा एलायसची सुरी माझ्या पोटात असेल. त्याचा हात आजवर कधी थरथरला नव्हता. आज थरथरेल.

एलायस हातांना साबण चोळत आत आला. दाढी करताना हनुवटीवर कापून घेतलं होतं त्यानं.

“ढग पांगलेत. उजेड आहे तोवर उरकून घेऊ.”

“एलायस, कानात कापूस घाल.”

“आणि तुझा श्वास कसा ऐकू?” मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “सगळेच बरळतात, सिग्ने. माझं लक्ष नसतं.”

“खोटं. पाद्रीबाबांना हसला होतास.”

त्यानं साबण हातात उगाच फिरवला. “हसलो होतो,” तो म्हणाला.

टेबल पाठीला गार लागलं. हिल्माच्या बोटांना कांद्याचा वास होता, मग तोही गेला आणि तो गोड, कोंदट वास आला. थेंब. हिल्मा थांबली, तिनं श्वास पाहिला, मग दुसरा टाकला… जमलं की बाईला! गिरणीची करवत दूर गेली, जवळ आली. एलायसनं सुरी अजून उचलली नव्हती. बंद दाराला कान लावावा तसा तो मान वाकवून उभा होता, आणि सिग्नेला एकदम कळलं की हा वाट बघतोय. इतके दिवस ‘तू मरू दिलंस’ हे याला कुणी म्हटलेलं नाही, आणि माझ्याशिवाय म्हणणारं तरी कोण आहे? ग्रॅडीची जखम खरंच मोठी होती का, हे यालाही माहीत नाही…

पाय नाहीसे झाले. जीभ जड झाली, तिच्यावर काहीतरी येऊन बसलं होतं, पण तो दोष होता की नुसती एलायसच्या नावाची हाक, ते तिला उमगेना. थांब हिल्मा, जरा थांब — आपण बोलून बसू ही भीती कुठल्या कुठे गेली होती, आणि तिच्या जागी दुसरीच, त्याहून मोठी भीती उभी राहिली होती: बोलून होण्याआधीच झोप लागली तर?